घरगुती आंबट एल: तीन बरण्या आणि वर्षाचे वेळापत्रक

आंबट एल, म्हणजे एक प्रकारची बिअर, बनवू पाहणारा नवशिका बहुधा आधी कृती शोधतो. कृती महत्त्वाची असतेच, पण या प्रकारात वेळापत्रकाला तिच्याहून अधिक वजन आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. साधी एल तीन-चार आठवड्यांत बाटलीत जाते, तर जिच्यात यीस्टच्या जोडीला जिवाणू आणि ब्रेटॅनोमायसिस नावाचे रानटी यीस्ट काम करतात ती आंबट एल पूर्ण व्हायला एक ते तीन वर्षे लागतात. एवढा काळ एकाच बरणीकडे डोळे लावून बसले की दोन गोष्टी घडतात. हाताशी प्यायला काहीच नसल्याने माणूस उत्सुकतेपोटी ती बरणी पुन्हा पुन्हा उघडतो आणि आत हवा जाऊ देतो. शिवाय अखेरीस जे निघते ते अति आंबट किंवा नीरस असले, तर त्यात मिसळून ते सावरायला दुसरे काही जवळ नसते.

या दोन्ही अडचणींवर एकच तोडगा आहे. दरवर्षी थंडीत एक बरणी भरावी आणि चौथ्या थंडीपासून दरवर्षी एक रिकामी करावी. मधल्या उन्हाळ्यांत लवकर तयार होणारी, वेगळ्या पद्धतीची आंबट बिअर बनवावी. ही मांडणी नवी नाही. ब्रुसेल्सच्या जवळच्या पाजोटनलँड आणि सेन नदीच्या खोऱ्यात बनणारी लॅम्बिक ही आंबट बिअर पारंपरिक पद्धतीने साधारण ऑक्टोबर ते एप्रिल याच काळात शिजवली जाते, कारण उघड्या पसरट भांड्यातला वर्ट (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, म्हणजे मॉल्टचा, गोड काढा) रात्रीतून निवायला थंड हवा लागते आणि उन्हाळ्याच्या हवेत नको असलेल्या जिवाणूंचे प्रमाण फार वाढते. पुढे एक, दोन आणि तीन वर्षे मुरलेली लॅम्बिक एकत्र करून ग्यूझ बनवतात. जुन्या बिअरकडून खोली येते आणि कोवळ्या बिअरमधल्या उरलेल्या साखरेतून बाटलीत फेस तयार होतो. आपण हवेतून आपोआप येणाऱ्या जंतूंवर विसंबणार नाही, पण थंडीचा हंगाम आणि तीन वयांचे मिश्रण या दोन गोष्टी तेथून उचलणार आहोत.

घरी बिअर बनवण्याबाबतचे कायदे ठिकाणागणिक वेगळे आहेत. आपल्याकडे त्याला परवानगी आहे का आणि किती प्रमाणात आहे, हे पाहिल्याशिवाय पुढची कोणतीही खरेदी करू नये.

बरणीत कोण काय करते

आंबट एलमध्ये चार कामगार असतात आणि प्रत्येकाची पाळी वेगळी असते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नेहमीचे एल यीस्ट, म्हणजे सॅकॅरोमायसिस, सोप्या साखरा संपवते आणि बहुतेक अल्कोहोल तेव्हाच तयार होते. लॅक्टोबॅसिलस हा जिवाणू सुरुवातीलाच, उबदार वातावरणात भराभर लॅक्टिक आम्ल बनवतो, पण हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या कडू फुलांचा, कडवटपणा त्याला सहसा सोसत नाही. पेडिओकॉकस हॉप्सला अधिक दाद देत नाही. तो सावकाश, महिनोन्महिने आम्ल वाढवत राहतो आणि लॅम्बिकसारख्या बिअरचा खोल आंबटपणा प्रामुख्याने त्याचाच असतो. शेवटची पाळी ब्रेटॅनोमायसिसची. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या निएल्स हेल्टे क्लाउसेन यांनी 1904 मध्ये इंग्लिश बिअरच्या मुरण्यात या यीस्टचा वाटा असल्याचे जाहीर केले. इतर यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळीच्या साखरा ते हळूहळू फोडते, पेडिओकॉकसने मागे ठेवलेला लोण्यासारखा वास आणि बुळबुळीतपणा निस्तरते आणि फळांच्या, ओल्या गवताच्या, कधी तबेल्याच्या वळणावर जाणाऱ्या गंधांची भर घालते. म्हणूनच पेडिओकॉकस असलेल्या बरणीत ब्रेटॅनोमायसिस असलेच पाहिजे. हा नियम मोडू नये.

पाचवा एक पाहुणा असतो, तो म्हणजे ॲसिटोबॅक्टर. तो अल्कोहोलचे व्हिनेगर करतो, मात्र त्यासाठी त्याला ऑक्सिजन लागतो. या लेखातल्या निम्म्याहून अधिक सूचना खरे तर त्याला उपाशी ठेवण्यासाठीच आहेत.

साहित्य जमवणे

नवशिक्याने वीस लिटरच्या मोठ्या बरणीच्या मोहात पडू नये. अरुंद तोंडाच्या काचेच्या, प्रत्येकी 10 लिटरच्या चार बरण्या घ्याव्यात: तीन मुरवण्यासाठी आणि चौथी मिश्रणासाठी. पहिल्या वर्षी एकच पुरते, बाकीच्या पुढे घेतल्या तरी चालतात. काचेचा आग्रह अशासाठी की साध्या प्लॅस्टिकच्या बादलीतून थोडा थोडा ऑक्सिजन आत झिरपत राहतो. तीन आठवड्यांसाठी ते चालते, तीन वर्षांसाठी नाही. याखेरीज पहिल्या किण्वनासाठी झाकणाची बादली, प्रत्येक भांड्यासाठी बूच आणि एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी तोटी), सायफनची नळी, घनता मोजायला हायड्रोमीटर, तापमापक आणि पीएच मीटर लागेल. पीएच मीटर वापरण्याआधी दर वेळी 7.00 आणि 4.01 च्या द्रावणांत जुळवून घ्यावा, नाहीतर त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

नळ्या, बुचे, प्लॅस्टिकच्या तोट्या आणि बादल्या आंबट बिअरसाठी कायमच्या वेगळ्या ठेवाव्यात आणि त्यांवर ठळक खूण करावी. प्लॅस्टिकवरच्या बारीक ओरखड्यांत ब्रेटॅनोमायसिस आणि जिवाणू दडून बसतात व पुढच्या साध्या एलमध्ये उतरतात. काच आणि स्टेनलेस स्टील मात्र नीट घासून निर्जंतुक केल्यास दोन्हीकडे वापरता येते.

कल्चर, म्हणजे जिवंत यीस्ट आणि जिवाणूंचे विरजण, विकत घ्यावे. सॅकॅरोमायसिस, ब्रेटॅनोमायसिस, लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस एकत्र असलेली तयार मिश्र पाकिटे मिळतात. वायीस्ट या कंपनीचे रोझेलारे हे त्यांपैकी जुने आणि बरेच वापरले जाणारे मिश्रण आहे. असे मिश्र पाकीट आधी वेगळ्या स्टार्टरमध्ये, म्हणजे थोड्याशा वर्टमध्ये, वाढवू नये, कारण त्यात जो वेगाने वाढतो तो इतरांना मागे टाकतो आणि ठरवून जमवलेला समतोल बिघडतो.

थंडीतली पहिली बरणी

दिवसाचे घरातले तापमान 18 ते 22 अंश सेल्सियसच्या आसपास राहील असे महिने आपल्याकडे कोणते, ते आधी पाहावे आणि त्यांच्या सुरुवातीलाच शिजवण्याचा दिवस ठरवावा. दरवर्षी तोच आठवडा पाळला तर पुढचा सारा हिशेब सोपा होतो.

खालील प्रमाण 13 लिटर वर्टसाठी आहे. बरणी 10 लिटरची असताना तीन लिटर जास्त का, याचे कारण पुढे येईलच. अर्काची सोपी वाट धरायची असेल तर गव्हाचा कोरडा मॉल्ट अर्क 1.6 किलो आणि माल्टोडेक्स्ट्रिन 160 ग्रॅम घ्यावे. धान्यापासून सुरुवात करणाऱ्यांनी पिल्सनर मॉल्ट 2.1 किलो व गव्हाचे मॉल्ट 1 किलो घेऊन ते 69 ते 70 अंशांवर तासभर भिजवावे. हे तापमान साध्या एलपेक्षा मुद्दाम जास्त ठेवले आहे, कारण त्यामुळे लांब साखळीच्या साखरा अधिक उरतात आणि त्यांवरच पेडिओकॉकस व ब्रेटॅनोमायसिसची पुढच्या वर्षभराची गुजराण चालते. माल्टोडेक्स्ट्रिनचे कामही तेच. दोन्ही वाटांनी सुरुवातीची घनता (पाण्याची 1.000 धरून) 1.050 च्या जवळपास येते. पाण्याला क्लोरीनचा वास असल्यास ते आधी गाळून किंवा उकळून घ्यावे, नाहीतर बिअरला औषधी चव येते आणि ती मुरूनही जात नाही.

वर्ट तासभर उकळावा आणि उकळी फुटताच सुमारे 4 टक्के अल्फा आम्लाचे (हॉप्समधल्या कडू घटकाचे) हॉप्स 12 ग्रॅम घालावेत. यातून येणारा कडवटपणा 10 आयबीयूच्या (हे बिअरच्या कडवटपणाचे एकक) आत राहतो. त्याहून अधिक झाल्यास लॅक्टोबॅसिलस जवळपास झोपीच जातो, आणि शिवाय कडू व आंबट या चवी एकमेकींना फारशा मानवत नाहीत. वर्ट 20 अंशांपर्यंत लवकर निववून निर्जंतुक बादलीत घ्यावा, जोराने हलवून त्यात हवा मिसळू द्यावी आणि सगळे मिश्र कल्चर एकाच वेळी घालावे. आधी साधे यीस्ट आणि महिनाभराने बाकीचे, असेही करता येते, परंतु तेव्हा जिवाणूंना सोप्या साखरा मिळत नाहीत व बिअर कमी आंबट होते. वर्टमध्ये हवा मिसळण्याची ही एकच वेळ आहे. यानंतर ऑक्सिजन हा शत्रू समजावा.

तीन आठवड्यांनी फेस बसतो आणि घनता 1.010 ते 1.015 च्या दरम्यान येते. आता तळाचा जाड गाळ मागे ठेवून बिअर सायफनने काचेच्या बरणीत घ्यावी. नळीचे टोक बरणीच्या तळाशी टेकलेले असावे, म्हणजे धार शिंपडत नाही. बिअर थेट मानेपर्यंत, बुचाखाली दोन-तीन सेंटिमीटर जागा राहील इतकी भरावी. उरलेली दोनेक लिटर छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरून त्यांनाही एअरलॉक लावावेत. ही राखीव बिअर वर्षभर बरणीची पातळी सांभाळण्यासाठी आहे. तीन लिटर जास्त शिजवण्याचे कारण हेच.

वर्षभर काय करायचे, आणि मुख्यतः काय करायचे नाही

बरणी अंधाऱ्या, तापमान स्थिर असलेल्या जागी ठेवावी. प्रकाश पोचत असेल तर कापड गुंडाळावे, पण एअरलॉक मोकळा दिसू द्यावा. त्यातले द्रव आटणे हे घरगुती आंबट बिअर व्हिनेगर होण्याचे सर्वांत सामान्य आणि सर्वांत टाळता येण्याजोगे कारण आहे. दर पंधरा दिवसांनी एकदा नजर टाकावी, एवढे पुरे. एअरलॉकमध्ये पाण्याऐवजी व्होडका घालावी, कारण रात्री तापमान उतरले की आतली हवा आकसते आणि ते द्रव थेंब थेंब आत ओढले जाते.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पृष्ठभागावर एक पांढुरका पापुद्रा दिसू लागतो. कधी तो बारीक भुकटी पसरल्यासारखा असतो, कधी सुरकुतलेल्या कागदासारखा, तर कधी त्यावर चकचकीत बुडबुडे अडकून राहिलेले असतात. याला पेलिकल म्हणतात. त्याने घाबरू नये, तो मोडू नये आणि त्यावरून बिअर किती तयार झाली याचा अंदाजही बांधू नये. आत ऑक्सिजन पोचला की तो बहुधा जाड होतो, इतकेच त्यावरून कळते. केसाळ, मखमली आणि हिरवे, निळे वा काळे ठिपके असतील तर ती बुरशी समजावी, आणि ती पसरलेली असेल तर बरणी ओतून द्यावी.

पहिली चव चौथ्या महिन्यात घ्यावी. त्याआधी घेऊन काही हाती लागत नाही. निर्जंतुक पिपेटने नमुना काढावा, त्यातला वायू हलवून घालवावा, घनता व पीएच मोजून वहीत लिहावे आणि मग चाखावे. काढलेला नमुना बरणीत परत ओतू नये, उणीव राखीव बिअरने भरावी. राखीव संपली असेल तर उकळून निर्जंतुक केलेल्या काचेच्या गोट्या टाकूनही पातळी वर आणता येते, आणि ही युक्ती वाटते त्याहून फार उपयोगी आहे. कधी कधी या टप्प्यावर नमुना पेल्यात ओतताना धार तुटत नाही, पातळ पाकासारखी लवलवत उतरते आणि तोंडात बुळबुळीत लागते. पेडिओकॉकसने बनवलेल्या शर्करासाखळ्यांचा हा परिणाम असतो. लॅम्बिक बनवणारे अशा बिअरला आजारी म्हणतात आणि काहीही न करता थांबतात. बहुतेक वेळा तीन-चार महिन्यांत ब्रेटॅनोमायसिस ती निवळवते. आजारी बिअर ओतून देणे ही नवशिक्यांची सर्वांत महागात पडणारी घाई आहे.

दुसरा नमुना वर्षाच्या शेवटी घ्यावा. एवढ्या काळात पीएच साधारण 3.3 ते 3.6 आणि घनता 1.010 च्या खाली आलेली असते. वर्षात दोनच नमुने. तिसऱ्याची इच्छा झाली की उन्हाळ्याच्या कामाकडे वळावे.

उन्हाळ्याची पाळी

मुरणाऱ्या बरणीसाठी उष्णता वाईट, कारण 25 अंशांच्या वर ऑक्सिजनचे सगळे दुष्परिणाम वेगाने होतात. म्हणून उन्हाळ्यात ती घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात हलवावी व अजिबात उघडू नये. लॅक्टोबॅसिलसला मात्र नेमकी ही ऊब आवडते. तेव्हा याच महिन्यांत भांड्यातच आंबवायची बिअर करावी, जी महिन्याभरात प्यायला मिळते. बर्लिनर वाइस या गव्हाच्या आंबट जर्मन बिअरच्या धर्तीची, सुमारे 3 टक्के अल्कोहोलची हलकी बिअर यासाठी उत्तम.

10 लिटर पाण्याच्या बेताने 900 ग्रॅम गव्हाचा कोरडा मॉल्ट अर्क घेऊन, हॉप्स न घालता, दहा मिनिटे उकळावा. तो 37 अंशांपर्यंत निवला की खाद्य दर्जाचे लॅक्टिक आम्ल थेंबाथेंबाने घालत पीएच 4.5 वर आणावा. ही पायरी गाळू नये. या पातळीच्या खाली पोटाला त्रासदायक आणि दुर्गंध सोडणारे बहुतेक जिवाणू वाढत नाहीत, आणि ओकारीसारख्या वासाने वाया गेलेल्या भांड्यांमागे बहुधा हीच गाळलेली पायरी किंवा शिरलेली हवा असते. आता लॅक्टोबॅसिलस प्लँटारम घालावा, पृष्ठभागाला चिकटेल अशी स्वच्छ खाद्य फिल्म पसरावी, झाकण लावावे आणि भांडे 30 ते 37 अंशांत राहील असे गुंडाळून ठेवावे. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पीएच 3.3 ते 3.4 वर येतो. तेथे पोचताच पुन्हा पंधरा मिनिटे उकळावे, चार-पाच ग्रॅम हॉप्स घालावेत, निववून यीस्ट घालावे. इतक्या आम्लात यीस्टला सुरुवात जड जाते, म्हणून ते नेहमीपेक्षा सढळ हाताने घ्यावे. खोली थंड ठेवता येत नसेल तर नॉर्वेमधल्या शेतघरांतून आलेले क्वाइक यीस्ट वापरावे. 30 अंशांच्या वरही ते स्वच्छ चवीचे काम करते. दोन-तीन आठवड्यांत घनता स्थिर झाली की बाटल्या भराव्यात. दुसऱ्या उकळीत जिवाणू मेलेले असल्याने ही बिअर साध्या एलच्या उपकरणांतही निर्धास्तपणे हाताळता येते.

या बिअरचा आंबटपणा स्वच्छ आणि सरळ असतो, बरणीत मुरलेल्या बिअरची गुंतागुंत तिच्यात नसते. तिला कमी लेखणारे पुष्कळ भेटतील. माझ्या मते तिचा सर्वांत मोठा गुण हाच की ती थंडीतल्या बरणीला एकटे सोडायला लावते.

चौथी थंडी: मिश्रणाचा दिवस

दुसऱ्या आणि तिसऱ्या थंडीत पहिल्याचीच पुनरावृत्ती करायची असते. बरणीवर चिठ्ठी लावून वर्ष लिहावे. चौथ्या थंडीत पहिली बरणी तीन वर्षांची, दुसरी दोन आणि तिसरी एक वर्षाची झालेली असते. नवा वर्ट मिश्रणाच्या दिवसाआधी तीन आठवडे शिजवावा, म्हणजे जी बरणी रिकामी होईल ती त्याच दिवशी भरता येते. सारे वेळापत्रक या एका दिवसाभोवती रचलेले आहे. रिकामे करणे, मिसळणे आणि भरणे एकाच बैठकीत झाले की कोणतीही बरणी अर्धी भरलेली राहत नाही.

आधी तिन्ही बरण्यांतून प्रत्येकी दीडशे-दोनशे मिलिलिटर काढून पेल्यांत मिश्रणे करून पाहावीत. 100 मिलिलिटरच्या मोजपात्रात 60 भाग तीन वर्षांची, 20 दोन वर्षांची आणि 20 एक वर्षाची, अशी सुरुवात करावी. मग एकेक भाग दहाने इकडेतिकडे सरकवत चार-पाच पेले तयार करावेत आणि ते थंड न करता चाखावेत. पेला अर्धा तास तसाच ठेवून पुन्हा हुंगावा, कारण पहिल्या क्षणी झाकलेले व्हिनेगर किंवा नेलपॉलिशसारखा वास तेवढ्या वेळात वर येतो. पीएचचे आकडे मिश्रणात साध्या सरासरीने चालत नाहीत, त्यामुळे निर्णय कागदावर न करता जिभेवर करावा.

समजा 60-20-20 पसंत पडले. आता हिशेब पाहा, आणि सोयीसाठी गाळात जाणारी घट सोडून देऊ. सर्वांत जुन्या बरणीतून सहा लिटर आणि इतर दोघींतून प्रत्येकी दोन लिटर चौथ्या बरणीत घेतले की तेथे दहा लिटर मिश्रण झाले. जुन्या बरणीत चार लिटर उरले, तर इतर दोघींत दोन-दोन लिटरची पोकळी पडली. ते चार लिटर या दोन पोकळ्यांत जातात. कोवळ्या बिअरना मुरलेले कल्चर मिळते आणि चारही बरण्या मानेपर्यंत भरतात, कारण मोकळ्या झालेल्या बरणीत नवी बिअर ओतायची असते. तिच्या तळाचा वाटीभर गाळ मुद्दाम ठेवावा. तोच पुढच्या पिढीचे कल्चर. यंदापासून बादलीत साधे एल यीस्ट वापरले तरी चालते. प्रमाण कोणतेही निवडले तरी दोघींतून जेवढे काढाल तेवढेच जुन्या बरणीतून परत जाते, म्हणून हा हिशेब कधी बिघडत नाही.

एकच अपवाद, पण तो काटेकोरपणे पाळावा. जुनी बरणी व्हिनेगरकडे झुकलेली असेल तर तिचा थेंबही इतर बरण्यांत घालू नये. तिची बिअर आणि गाळ दोन्ही टाकून द्यावीत, पोकळ्या नव्या बिअरने भराव्यात, आणि नव्या बरणीला विकतचे कल्चर द्यावे. तीन वेगळ्या बरण्या ठेवण्याचा खरा फायदा येथे दिसतो. याला पर्याय म्हणून सोलेरा सुचवली जाते. शेरी या स्पॅनिश वाइनच्या उद्योगातून आलेल्या या कल्पनेची घरगुती आवृत्ती अशी की एकाच मोठ्या भांड्यातून दरवर्षी तिसरा हिस्सा काढायचा आणि तेवढीच नवी बिअर ओतायची, म्हणजे काही वर्षांनी काढताना बिअरचे सरासरी वय तीन वर्षांच्या आसपास स्थिरावते. पद्धत सुटसुटीत आहे, जागाही कमी लागते. पण एकदा दोष शिरला की तो पुढच्या प्रत्येक वर्षात उतरतो, त्यामुळे नवशिक्याला ती सुचवण्याकडे माझा कल नाही.

बाटल्या भरण्याआधी

या कामातला खरा धोका फुटणाऱ्या बाटल्यांचा आहे. ब्रेटॅनोमायसिस आणि जिवाणू असलेल्या बिअरमध्ये घनता 0.001 ने उतरली की प्रत्येक लिटरमागे सुमारे अर्धा लिटर वायू तयार होतो. समजा तीन बिअरच्या घनता अनुक्रमे 1.002, 1.003 आणि 1.008 आहेत. 60-20-20 मिश्रणाची घनता साधारण 1.0034 येते, आणि जुन्या बिअरमधले यीस्ट कोवळ्या बिअरची साखर खाऊन ती 1.002 पर्यंत सहज उतरवते. म्हणजे वरून साखर घालण्याआधीच लिटरमागे पाऊण लिटरच्या आसपास वायू आत दडलेला असतो. ग्यूझ बनवणारे फेसासाठी नेमका हाच वायू वापरतात, पण त्यांच्या बाटल्या शॅम्पेनच्या जाडीच्या असतात आणि अंदाजाला पिढ्यांचा सराव असतो.

नवशिक्याने मिश्रण चौथ्या बरणीत एअरलॉकखाली किमान दोन महिने ठेवावे आणि महिन्याच्या अंतराने घेतलेल्या दोन मोजण्या तंतोतंत जुळल्या तरच बाटल्या काढाव्यात. त्यानंतर लिटरमागे 6 ते 7 ग्रॅम साखर, थोड्या पाण्यात उकळून, पुरते. हे प्रमाण जाड काचेच्या बिअर बाटल्यांसाठी आहे, पातळ काचेच्या किंवा चौकोनी बाटल्या कधीच वापरू नयेत. वर्षानुवर्षे मुरलेल्या बिअरमधले यीस्ट थकलेले असते, म्हणून आम्ल सोसणारे शॅम्पेन यीस्ट चिमूटभर भिजवून मिसळावे. बाटल्या 20 अंशांच्या आसपास, झाकणाच्या खोक्यात ठेवाव्यात.

सहा आठवड्यांनी पहिली बाटली उघडल्यावर घोट गिळल्यानंतर मागाहून उंदराच्या पिंजऱ्यासारखी किंवा ओल्या बिस्किटासारखी चव येऊ शकते. बाटल्या भरताना लागलेल्या ऑक्सिजनामुळे तयार होणाऱ्या टेट्राहायड्रोपिरिडीन या संयुगांची ही खूण आहे. बाटल्या तशाच ठेवाव्यात, काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत ती बहुधा निघून जाते.

फळ घालायचे असल्यास मिश्रणाच्या दोन महिन्यांतच घालावे. लिटरमागे 150 ग्रॅम फळ गोठवून, वितळवून वापरले की पेशी फुटून रस लवकर सुटतो. फेसासाठी बरणीचा पाचवा भाग मोकळा ठेवावा, तरंगणारा गर बुरसू नये म्हणून बरणी दोन-तीन दिवसांनी हलकेच फिरवावी आणि घनता पूर्वीच्या आकड्यावर परतेपर्यंत थांबावे. या बिअरलाही दोन जुळणाऱ्या मोजण्यांचा नियम लागू आहे.

पाचव्या थंडीपासून दरवर्षी सर्वांत जुनी बरणी कोणती हे बदलत जाते, म्हणून चिठ्ठ्या त्याच दिवशी बदलाव्यात. प्रत्येक फेरीत आंबटपणा थोडा वाढत चाललेला जाणवला तर नव्या वर्टमध्ये हॉप्स 12 ऐवजी 18 ग्रॅम करावेत. तरीही पीएच 3.2 च्या खाली जात राहिला तर त्या वर्षी रिकाम्या होणाऱ्या बरणीचा गाळ पुढे न नेता ती धुऊन काढावी आणि नव्या पाकिटाने सुरुवात करावी.